लाइन बंद असली तरी

सत्तावीस वर्षं झाली खांबावर चढतोय.
पहिल्या दिवशी उस्तादांनी एवढंच शिकवलं:
लाइन बंद आहे म्हणून हात लावायचा नसतो.
कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा करंट सोडतो
आणि मेलेली तार चावते.
आधी टेस्टर. मग अर्थिंगची साखळी. मग हात.
आणि लाइन चालू करताना ओरडून सांगायचं
वरच्याला, खालच्याला,
तीनदा.

एवढं ठाऊक असलेला मी,
आणि शर्वाणीला म्हणालो,
"झालं ते झालं, बेटा. आता विसर."

घाटात बस उलटली त्याला तेव्हा चाळीस दिवस झाले होते.
तिच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं.
मला वाटलं, निघालं सगळं.

वहिनी म्हणाल्या, दृष्ट काढा.
साडू म्हणाले, कोचिंग लावा, डोकं गुंतेल.
मी नवा मोबाइल आणला.
तो अजून खोक्यातच आहे,
खोक्यावर आम्ही इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहितो.

एम. वाय.मधल्या बाई फार काही बोलल्या नाहीत.
"काय झालं होतं ते तिला सारखं विचारू नका.
घरात काय होणार आहे, ते तिला आधी सांगत जा."
बाहेर आलो, स्कूटर काढली,
आणि मागे वळून म्हणालो, "किक मारतोय हं."
ती गप्पच.
पण तिचे खांदे कानांपर्यंत गेले नाहीत.

फोन वाजला की हल्ली मीच दचकतो,
हे बाईंना सांगायचं राहिलं.
त्या दिवशी फोन मीच उचलला होता, खांबावरून उतरून.

तेव्हापासून आमच्या घरात सगळं सांगून होतं.
मिक्सर, सांगून.
दार ओढायचं, सांगून.
कुकरची शिट्टी होईल आता, सांगून.
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, रामबागेतली ही माणसं येडी झाली.
वाटू दे.

राहिली कचरागाडी.
सकाळी सव्वासातला गाणं वाजवत गल्लीत शिरते
आणि वळणावर रिव्हर्स घेते, पीं पीं पीं.
त्या बसनेही रिव्हर्स घेतला होता.
हे शर्वाणीने सांगितलेलं नाही, पंचनाम्यात होतं.
मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.
ड्रायव्हर म्हणाला, "क्या हुआ भिया, कचरा नी देना?"
काय सांगावं, कळेना.
"घर में बच्ची है," एवढंच म्हटलं.
त्याने पुढे काही विचारलं नाही.
आता गाडी गल्लीत येत नाही.
आठ घरांच्या बादल्या मी चौकापर्यंत नेतो,
ओला कचरा एका हातात, सुका एका हातात,
आणि मग ड्यूटीवर.

सोफ्यावर ती डाव्या टोकाला बसते.
शेजारची जागा रिकामी.
बसमध्ये तिथे पलक होती.
सुरुवातीला मी नेमका तिथेच जाऊन बसायचो,
पाठीवर हात ठेवायला.
टेस्टर न लावता.

जेवतेस? हो.
झोप लागली? हो.
बरं वाटतंय? हो.
पाच महिने हो, हो, हो,
आणि आम्ही नातेवाइकांना सांगत होतो, पोर सुधारतेय.

काल पोह्यांची बशी घेऊन उभा राहिलो.
"इथे बसू?"
"नको."

तिच्या आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.
मी खाली सतरंजीवर बसलो,
जीरावन जरा जास्तच पडलं होतं, डोळ्यांत पाणी आलं,
तसं मी म्हणालोही.
ती बघत होती.

संध्याकाळी मोबाइल सापडेना.
उशांखाली बघितलं, स्कूटरच्या डिक्कीत बघितलं.
ती आईचा फोन घेऊन दारात आली, थांबली.
"बाबा, रिंग देतेय हं."

वाजला.
दचकलो मी.
पण नेहमीपेक्षा जरा कमी.